झिपरू आणि चौथा सिंह

खानदेशात, म्हणजे केळी आणि कपाशीच्या मुलखात, चिंचगव्हाण नावाच्या गावी झिपरू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे साधासुधा भोळा नाही. गावात भोळे आणखीही होते, पण तेसुद्धा झिपरूला भोळा म्हणायचे.

झिपरू तीस वर्षांचा गडी. अंगाने मजबूत, मनाने निर्मळ. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. अडचण एवढीच होती, की तो सांगितलेलंच काम करायचा.

एकदा त्याची माय, अंजनाबाई, त्याला म्हणाली, "झिपरू, म्हशीवर लक्ष ठेव."

म्हैस उठली, शेजारच्या कपाशीत शिरली आणि पोटभर जेवून परत आली. संध्याकाळी शेजारी भांडायला दारात उभा.

माय म्हणाली, "तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना रे?"

"ठेवलं की माय. पापणी हलवली नाही. तिने एकशे चार झाडं खाल्ली."

असा हा झिपरू एका वर्षी ऑगस्ट महिन्यात शाळेच्या कामाला लागला. त्याचं असं झालं, की चिंचगव्हाणची शाळा दोन खोल्यांची. मुलं सतरा. शिकवायला एकट्या बाविस्कर बाई. मुलं कमी आहेत, तर ही शाळा बंद करून नाल्यापलीकडच्या टाकळवाडीच्या शाळेत मिसळावी, असं वर चाललं होतं. पंधरा ऑगस्टला शिक्षण खात्याचे नवे साहेब येणार होते. ते शाळा बघणार आणि मग ठरवणार.

बाविस्कर बाईंनी मनावर घेतलं. त्यांनी ठरवलं, मुलांचा असा कार्यक्रम करायचा की साहेब बघत राहतील. कार्यक्रमाचं नाव 'आपली राष्ट्रीय प्रतीकं'. एक मुलगी कमळ होणार, एक मुलगा मोर होणार, एक वाघ होणार. प्रत्येक जण आपला अर्थ सांगणार. ओट्यामागच्या भिंतीवर बाई स्वतः राजमुद्रा रंगवणार.

हाताखाली माणूस हवा होता. ग्रामपंचायतीचा शिपाई सासुरवाडीला गेला होता. सरपंच ओंकारआप्पांनी झिपरूला पाठवून दिलं.

निघताना मायने त्याला बजावलं, "शाळेचं काम आहे. आपलं डोकं चालवू नको. बाई सांगतील ते ध्यानात ठेव. एकदा शिकवलं की पुन्हा चूक नाही झाली पाहिजे."

झिपरूने ते ध्यानात ठेवलं. तिथूनच सगळं सुरू झालं.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "झिपरू, तळ्यावर जा आणि चांगलं कमळ घेऊन ये. स्वच्छ आण हो."

झिपरू तळ्यावर गेला. गुडघाभर चिखलात शिरून त्याने कमळ काढलं. देठाला चिखल, पानाला चिखल. स्वच्छ तर आणायचं होतं. मग तो धुण्याच्या दगडावर बसला. राखेने कमळ घासलं, दोनदा खळबळून धुतलं, पिळलं आणि घेऊन आला.

बाईंनी त्याच्या हातातला देठ बघितला. "फूल कुठे आहे?"

"ते मळकं निघालं बाई. घासता घासता संपलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. पण त्या मास्तरीण होत्या. समजावून सांगणं त्यांच्या रक्तात होतं. "अरे, कमळाला धुवायचं नसतं. ते राष्ट्रीय फूल का आहे माहीत आहे? ते चिखलात राहतं, पण त्याला चिखल लागत नाही. आजूबाजूला कितीही घाण असो, आपण निर्मळ राहायचं, हा त्याचा अर्थ. त्याला तसंच चिखलासकट घमेल्यात घालून आणायचं."

"आता आलं ध्यानात," झिपरू म्हणाला. "जे राष्ट्रीय असतं, त्याला चिखल लागत नाही."

तो पुन्हा गेला आणि घमेलंभर चिखलात उभं केलेलं सुरेख गुलाबी कमळ घेऊन आला. बाई खूश झाल्या. झिपरूही खूश झाला.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "आता मोराची पिसं हवीत. पलीकडच्या मळ्यात मोर येतात. या दिवसांत त्यांची पिसं गळतात. पडलेली तेवढी वेचून आण."

झिपरूने मळाभर फिरून पंचवीस पिसं वेचली. निळी, हिरवी, डोळे असलेली. मग तो थांबला. पिसं आणायची कशी? त्याने आठवलं. मोर राष्ट्रीय पक्षी. राष्ट्रीय असतं, त्याला चिखल लागत नाही. त्याने घमेल्यात ओला चिखल भरला, पिसं त्यात दाबून बसवली आणि वरून आणखी थोडा चिखल थापला.

बाईंनी घमेल्यात हात घातला. हाताला जे लागलं ते बाहेर काढून बघितलं. खराट्याच्या काडीसारखं काहीतरी होतं.

"झिपरू, हे काय?"

"मोर, बाई."

"अरे, पिसं चिखलात घालतात का?"

"राष्ट्रीय आहेत ना?"

बाईंनी डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि डोळे उघडले. "हे बघ. मोराचा अर्थ वेगळा आहे. मोर म्हणजे डौल. आपल्या देशाच्या गोष्टींत, गाण्यांत, चित्रांत सगळीकडे मोर आहे. तो आपली शोभा लपवून ठेवत नाही. पिसारा फुलवतो आणि नाचतो. शोभेची वस्तू अशी आणायची असते. उंच धरून, पसरून, चार लोकांना दिसेल अशी."

"आता आलं ध्यानात," झिपरू म्हणाला. "शोभेची वस्तू लपवायची नाही. पसरून आणायची."

मुलांनी पिसं नळाखाली धुतली. त्यातली अकरा वाचली. मोर थोडा विरळ झाला, पण मोर झाला.

त्याच दुपारी सरपंच ओंकारआप्पा शाळेत आले. ते झिपरूला म्हणाले, "परटाकडे माझे कपडे टाकलेत इस्त्रीला. तेवढे घेऊन ये. पंधरा ऑगस्टच्या शोभेचे आहेत, जपून आण."

शोभेचे, हे झिपरूच्या बरोबर ध्यानात राहिलं.

परटाने कपड्यांची घडी बांधून दिली होती. झिपरूने ती सोडली. एक लांब बांबू घेतला. त्याला आप्पांचं धोतर बांधलं, त्याच्यावर सदरा बांधला आणि सगळ्यात वर, टोकाला, आप्पांची निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अर्धी विजार बांधली. कारण रंग तिलाच होता. मग बांबू उंच धरून तो भर बाजारातून निघाला. वाऱ्याने विजार छान फुगली. मधूनमधून झिपरू दोन पावलं नाचत होता. मोर नाचतो, असं बाईंनी सांगितलं होतं.

पारावर हवालदारनाना बसले होते. ते फौजेतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या पुढचे. त्यांना लांबचं नीट दिसत नसे. काठीवर काहीतरी फडकत येताना दिसलं, तसे ते उठून ताठ उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून पारावरचे बाकीचेही उभे राहिले.

पानवाल्याने विचारलं, "झिपरू, हे काय आहे?"

"आप्पांचं आहे. शोभेचं."

ग्रामपंचायतीची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. लोकांना वाटलं, आप्पांना निवडणुकीचं चिन्ह मिळालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की आप्पा या खेपेला विजारीवर उभे आहेत.

आप्पा विजार काखेत मारून शाळेत आले. बाईंनीच मध्ये पडून झिपरूला बाजूला घेतलं.

"झिपरू, नीट ऐक. काठीवर उंच फडकवायची गोष्ट आपल्या देशात एकच. राष्ट्रध्वज. वर केशरी रंग, तो धैर्याचा आणि त्यागाचा. मध्ये पांढरा, तो शांतीचा आणि सत्याचा. खाली हिरवा, तो भरभराटीचा. मध्ये चक्र, चोवीस आऱ्यांचं. त्याचा अर्थ, थांबायचं नाही, चालत राहायचं."

"चालतच होतो बाई."

"ऐक. ध्वज फडकला आणि राष्ट्रगीत सुरू झालं, की मात्र जागेवर ताठ उभं राहायचं. हात खाली, नजर समोर. मग काहीही होवो, हलायचं नाही."

"आता आलं ध्यानात," झिपरू म्हणाला. "गीत सुरू झालं की हलायचं नाही. काहीही होवो."

तिसऱ्या दिवशी बाई मुलांना घेऊन आतल्या खोलीत बसल्या. झिपरूला त्यांनी ओसरीवर ठेवलं. चुलीवर मुलांची खिचडी होती आणि बाजूला घमेल्यात ते कमळ.

"खिचडी ढवळत राहा आणि कमळाकडे बघ," बाई म्हणाल्या.

झिपरूने पळी हातात घेतली. आत मुलांचा राष्ट्रगीताचा सराव सुरू झाला. झिपरूने पळी सोडली, हात खाली घेतले आणि नजर समोर लावली.

तेवढ्यात एक शेळी ओसरीवर चढली. ती घमेल्यापाशी आली. तिने झिपरूकडे बघितलं. झिपरूने तिच्याकडे बघितलं. शेळीने एक पाकळी खाऊन बघितली. तिला आवडली.

मुलांचा सूर चुकला होता. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून म्हणून घेतलं. मग पुन्हा. असं सात वेळा झालं. सातव्या वेळेला बाईंना करपल्याचा वास आला. त्या धावत बाहेर आल्या, तर खिचडी काळी पडली होती, कमळाचा देठही उरला नव्हता, शेळी चिखल हुंगत होती आणि झिपरू ताठ उभा होता.

"अरे, शेळीला हाकललं का नाही?"

"गीत चालू होतं बाई."

"गीत चालू असताना उभा राहिलास, ठीक. पण एक संपून दुसरं सुरू होईपर्यंत मध्ये वेळ होता ना?"

"होता. तेव्हा मी कमळाकडे बघितलं. तुम्हीच सांगितलं होतं."

बाई पायरीवर बसल्या. साहेब यायला दोनच दिवस उरले होते. त्यांना रडू येत होतं, पण आत सतरा मुलं होती आणि ती खिडकीतून बघत होती. बाईंनी पदराने तोंड पुसलं.

"झिपरू, आपला राष्ट्रीय प्राणी कोणता?"

"शेळी?"

"वाघ. आधी सिंह होता, मग वाघ झाला."

"म्हणजे सिंहाची नोकरी गेली?"

"नाही रे, सिंह राजमुद्रेवर आहे. वाघाचं ऐक. वाघ म्हणजे ताकद, वाघ म्हणजे चपळाई. शेळी समोर आली तर वाघ बघत उभा राहतो का? झडप घालतो. तूही तसंच करायचं. शेळी असो, बोकड असो, शेळीचं कोणीही असो. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की झडप."

"आता आलं ध्यानात," झिपरू म्हणाला.

चौदा ऑगस्टला सकाळपासून तो फाटकापाशी दबा धरून बसला. शेळी आली नाही. दुपारी स्कूटरवरून एक गृहस्थ आले. पांढरीशुभ्र पॅन्ट, खिशाला पेन, हनुवटीवर जेमतेम बोटभर दाढी. ते केंद्रप्रमुख होते. म्हणजे आजूबाजूच्या दहा शाळांवर लक्ष ठेवणारे. साहेब येण्याआधी तयारी बघायला आले होते.

ते फाटकाबाहेरूनच म्हणाले, "बाईंना सांग, शेळके आलेत."

झिपरू उभा राहिला. "कोण?"

"शेळके."

"शेळीचे कोण तुम्ही?"

त्यांना वाटलं, हा माणूस कानाने कमी असावा. ते मोठ्याने म्हणाले, "अरे शेळके. आम्ही शेळके."

"तुम्ही एकटेच, का घरचे सगळे?"

"सगळेच. पिढ्यान्‌पिढ्या शेळकेच आहोत."

झिपरूने मान डोलावली. "आत पाऊल टाका," तो म्हणाला.

शेळक्यांनी आत पाऊल टाकलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा केंद्रप्रमुख डबक्यात पालथे होते आणि झिपरू त्यांची कंबर धरून बसला होता. "सापडलं बाई," तो म्हणाला. "बाकीचे घरी आहेत."

बाईंनी शेळक्यांना उठवलं. पाणी दिलं, टॉवेल दिला, माफी मागितली. शेळके सज्जन होते. ते एवढंच म्हणाले, "बाई, माझं जाऊ द्या. पण उद्या साहेबांच्या बाबतीत असं झालं, तर शाळेचं काही खरं नाही."

शेळके गेल्यावर बाई झिपरूकडे वळल्या. हात जोडून म्हणाल्या, "झिपरू, ते पाहुणे होते. पाहुण्यांवर झडप घालायची नसते. पाहुण्यांना मान द्यायचा असतो. सिंहासनावर बसवायचं असतं. उद्या चार पाहुणे येतील. आप्पा, हवालदारनाना, शेळके आणि मोठे साहेब. तू बाकी काही करू नको. फक्त चौघांना मानाने बसव. सिंहासनावर बसवल्यासारखं. एवढं जमेल?"

"जमेल बाई. पण सिंह कसे बसतात?"

बाई तेव्हा ओट्यामागच्या भिंतीपाशी गेल्या होत्या. राजमुद्रा रंगवायची राहिली होती, कमळ होणाऱ्या मुलीचं भाषण पाठ करून घ्यायचं राहिलं होतं, उजेड कमी होत चालला होता. सिंहाच्या मिश्या काढता काढता त्या बोलत राहिल्या.

"हे बघ, असे. फार वर्षांपूर्वी सम्राट अशोकाने सारनाथला एक दगडी स्तंभ उभारला. त्याच्या माथ्यावर चार सिंह बसवले. पाठीला पाठ लावून, चार दिशांना चार तोंडं. देश स्वतंत्र झाल्यावर आपण तेच चिन्ह घेतलं."

झिपरूने मोजलं. "बाई, तीनच आहेत."

"चौथा मागे आहे."

"भिंतीच्या मागे?"

बाईंच्या हातात बारीक ब्रश होता. त्यांनी मान न वळवताच उत्तर दिलं. "हो, मागे. समोरून तीनच दिसतात. चौथा दिसत नाही, पण असतो. आणि मान चौघांचा सारखा."

"आणि खाली हे काय?"

"मध्ये चक्र. त्याच्या उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. जा आता, मला काम करू दे."

झिपरू घरी गेला. त्या दिवशी तो नीट जेवला नाही. मायने विचारलं तर म्हणाला, "मोठी जबाबदारी आहे माय. चौघांना बसवायचंय."

पंधरा ऑगस्ट उजाडला. सकाळी साडेसातला आप्पांच्या हस्ते झेंडावंदन झालं. राष्ट्रगीत सुरू झालं, तेव्हा झिपरू असा उभा राहिला की हवालदारनानांनीही मान डोलावली. त्या आठवड्यात त्याच्याकडून एवढं एकच काम बरोबर झालं, कारण त्यात काहीच करायचं नव्हतं.

नऊ वाजता कार्यक्रम होता. सगळं गाव शाळेसमोर जमलं. बाई आतल्या खोलीत मोराला पिसं बांधत होत्या. झिपरूने ओट्यावर खुर्च्या मांडल्या. आप्पांना मधोमध, लोकांकडे तोंड करून बसवलं. हवालदारनानांना उजवीकडे, तोंड लिंबाच्या झाडाकडे. शेळक्यांना डावीकडे, तोंड पाण्याच्या टाकीकडे. तिघांच्या पाठी मध्यभागी एकमेकींना टेकवल्या.

आप्पांना मधली जागा मिळाली होती, ते खूश होते. नानांना झाड आणि माणसं सारखीच दिसत होती. शेळके कालपासून झिपरू सांगेल ते निमूट ऐकत होते.

चौथी खुर्ची झिपरूने शाळेच्या मागे नेली होती. तिथे त्याला एक अडचण आली होती. तिघं ओट्यावर उंच बसणार, त्यांच्या पाठीशी भिंतीवर चक्र, बैल, घोडा रंगवलेला. मागची भिंत मात्र कोरी. मान तर चौघांचा सारखा हवा. म्हणून त्याने घरची बैलगाडी आणून उभी केली. चक्र झालं. जुवाच्या उजव्या बाजूला मायचा बैल जुंपला. डाव्या बाजूला घोडा हवा होता. गावात घोडा नव्हता, पण मन्सारामची वरातीची घोडी होती. ती त्याने मागून आणली आणि जुंपली. गाडीवर जाजम, जाजमावर खुर्ची. खुर्ची दोरीने घट्ट बांधली.

सव्वानऊला मोटारसायकलवर दुसाने साहेब आले. तालुक्याला नवीन होते. वयाने पन्नाशीचे, स्वभावाने मवाळ. झिपरू फाटकातच उभा होता.

"या साहेब. तुम्ही चौथे."

"म्हणजे?"

"म्हणजे मागे."

साहेबांना वाटलं, ओट्यावर मागून जायची वाट असेल. ते त्याच्यामागे गेले. सजवलेली गाडी बघून म्हणाले, "मिरवणूक आहे वाटतं?"

"मान आहे साहेब. बसा. पाठ भिंतीकडे."

साहेब वर चढून बसले. समोर उकिरडा होता आणि त्यापुढे टाकळवाडीची वाट. "इथून कार्यक्रम दिसत नाही रे," ते म्हणाले.

"तुम्हीही दिसत नाही साहेब," झिपरूने धीर दिला. "पण आहात."

इकडे समोर बाई बाहेर आल्या. साहेबांची खुर्चीच नाही. पाण्याच्या टाकीकडे बघणारे शेळके दिसले. पण त्याहीपेक्षा साहेब आले नाहीत याची बाईंना चिंता लागली. लोक चुळबुळत होते. आप्पा म्हणाले, "तोवर लेझीम होऊ द्या."

ढोल वाजला. मुलांनी लेझीम धरलं.

बाईंनी झिपरूला गाठलं. "साहेब आले का रे?"

"आले की बाई. केव्हाच."

"मग कुठे आहेत?"

"आहेत."

"दिसत तर नाहीत."

"दिसणार कसे बाई? ते चौथे आहेत."

बाईंना हळूहळू उमगत गेलं. त्यांच्या हातातलं मोरपीस खाली पडलं. त्या शाळेला वळसा घालून मागे धावल्या. त्यांच्यामागे आप्पा, शेळके, नाना आणि अर्धं गाव.

मागे कोरी भिंत होती. भिंतीसमोर उकिरडा होता. मध्ये काही नव्हतं.

झिपरूने डोळे चोळले. "बाई," तो म्हणाला, "आता ते मलाही दिसत नाहीत."

झालं होतं असं, की मन्सारामच्या घोडीने सात वर्षं नवरदेव वाहिले होते. ढोल वाजला की चालायचं, एवढंच तिला ठाऊक. ढोल वाजला, ती चालू लागली. बैलाला कुणाचं तरी ऐकायची सवय होती, तो तिच्याबरोबर निघाला. गेलं लग्न टाकळवाडीला झालं होतं, म्हणून घोडीने तीच वाट धरली.

साहेबांना वाटलं, मिरवणूक सुरू झाली. त्यांनी दोन्ही बाजूंना हात जोडून नमस्कार केले. दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं. गाव सगळं शाळेत होतं. तरी साहेब नमस्कार करत राहिले. शेवटचं घर मागे पडलं, तेव्हा त्यांचे हात खाली आले. त्यांनी हाका मारल्या, पण ढोलापुढे कुणाला ऐकू जाणार?

वाटेत नाला लागला. पावसाळ्याचा नाला. घोडी पाण्यात उतरली, बैल उतरला, गाडी उतरली. मधोमध गेल्यावर ढोल ऐकू येईनासा झाला. ढोल थांबला की थांबायचं, हेही घोडीला शिकवलेलं होतं. ती थांबली. बैल पाणी पिऊ लागला.

गाव चाकोरी बघत बघत काठावर आलं. साहेब नाल्याच्या मधोमध, गाडीवर, खुर्चीत बसलेले. बूट काढून मांडीवर घेतले होते. पाणी गाडीच्या तळाला लागत होतं.

"साहेब, घाबरू नका," बाई ओरडल्या. "झिपरू, जा, साहेबांना आण."

झिपरू पाण्यात शिरला आणि गाडीपाशी पोहोचला. साहेबांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"अरे बाबा," साहेब म्हणाले, "आधी मला इथून खाली उतरव."

झिपरूने त्यांना उचललं. अलगद उचललं, लहान मुलाला उचलावं तसं. गाडीच्या बाजूला वळला आणि सांभाळून खाली उतरवलं. पाण्यात. साहेब कमरेपर्यंत भिजले.

"एवढं बास, का आणखी खाली?" झिपरूने विचारलं.

काठावर आप्पा मटकन दगडावर बसले. शेळक्यांनी दुसरीकडे तोंड केलं. बाईंनी डोळे मिटले. शाळा गेली, हे आता सगळ्यांना कळलं होतं.

साहेब पाण्यात उभे राहिले. त्यांनी मागे चिंचगव्हाणकडे बघितलं, पुढे टाकळवाडीकडे बघितलं. मग बाईंना विचारलं, "तुमची पहिलीतली मुलं केवढी आहेत?"

बाईंनी हात करून दाखवला. हात त्यांच्या स्वतःच्या कमरेपाशी थांबला.

साहेबांनी आपल्या कमरेभोवतीचं पाणी बघितलं. ते झिपरूच्या खांद्याला धरून काठावर आले, ओल्या कपड्यांत शाळेत गेले आणि सगळा कार्यक्रम पहिल्यापासून बघितला. आप्पांनी त्यांना स्वतःची मधली खुर्ची दिली. कमळ झालेल्या मुलीने अर्थ सांगितला, मोर नाचला, वाघाने डरकाळी फोडली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या बाह्यांतून पाणी उडत होतं.

महिन्याने कागद आला. बाईंनी तो वर्गात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. 'टाकळवाडीच्या वाटेवर नाला असून पावसाळ्यात त्यास कमरेइतके पाणी असते. लहान मुलांना या वाटेने पाठवणे शक्य नाही. चिंचगव्हाणची शाळा आहे तिथेच चालू ठेवावी. सदर पाण्यात मी स्वतः उतरून खात्री केली आहे.'

मुलांनी बाकं वाजवली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. झिपरू मात्र दाराशी गंभीर होऊन उभा होता. त्याने पायात वहाणा घातल्या.

"कुठे निघालास?" बाईंनी विचारलं.

"तालुक्याला. साहेबांच्या हापिसात," झिपरू म्हणाला. "कागदात चूक आहे. साहेब स्वतः उतरले नव्हते. मी उतरवलं होतं."